दुकानाच्या पाटीवरचं जाड-अरुंद अक्षर: मराठीत ते बसवणं अवघड का असतं?

वसई, नालासोपारा किंवा विरार स्टेशनबाहेर पडलं की दुकानांच्या पाट्या एकमेकींना खेटून दिसतात. गाळा अरुंद आणि नाव लांब असलं की पाटी करणारा हमखास एका अक्षराकडे वळतो: जाड, उंच आणि दोन्ही बाजूंनी आवळलेलं.

टायपोग्राफीत याला 'बोल्ड कंडेन्स्ड सॅन्स सेरिफ' म्हणतात. सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या टोकाची छोटी शेपटी. ती काढली की सॅन्स सेरिफ. मीम्सवर दिसणारा 'इम्पॅक्ट' हा जेफ्री ली यांचा १९६५ चा फॉन्ट याच जातीचा.

देवनागरीला अशी शेपटी नसतेच. त्यामुळे इथे सॅन्स सेरिफ म्हणजे बोरूचा जाड-बारीक फरक नसलेली, सगळीकडे साधारण सारख्या जाडीची रेषा. (सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सापडलेल्या अशोकाच्या लेखातली ब्राह्मी अक्षरंही अशीच एकसारख्या रेषेची आहेत.)

खरी अडचण जाडी आणि अरुंदपणा एकत्र आल्यावर सुरू होते. 'भ' आणि 'ध' यांच्या शिरोरेषेत डावीकडे छोटी फट असते. अक्षर जाड केलं की ती बुजते आणि 'धान्य भांडार'चं लांबून 'घान्य मांडार' होतं. 'नालासोपारा'त तर पाच काने आहेत. 'पा'मधला दांडा आणि काना चिकटले की दोन रेषांचा एकच ठोकळा दिसतो. 'वसई'तल्या 'ई'चा वरचा आकडाही जाड अक्षरात सहज गुदमरतो.

साधा फॉन्ट संगणकावर आडवा दाबणं हा यावरचा उपाय नाही, पण सर्रास तेच होतं. दाबल्यावर उभ्या रेषा बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. कंडेन्स्ड फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराचा तोल नव्याने साधलेला असतो.

मराठीसाठी असे फॉन्ट मोफत मिळतात. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'टेको' चौकोनी घाटाचा आहे आणि तो मथळ्यांसाठीच केलेला आहे. मुंबईच्या एक टाइपचा 'अनेक' नऊ भारतीय लिप्या आणि रोमनमध्ये आहे. त्यात नेहमीची रुंदी १०० धरली तर अक्षर ७५ पर्यंत आवळता आणि १२५ पर्यंत पसरता येतं. जाडी १०० ते ८०० या टप्प्यात हवी तेवढी ठेवता येते.

पाट्यांच्या बाबतीत हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. २०२२ मध्ये राज्याने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. गाळ्याची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली.

इथे एक मेख आहे. वर वेलांटी आणि खाली उकार यांना जागा लागते, म्हणून फॉन्टचा आकडा सारखा ठेवूनही देवनागरी अक्षराचं मुख्य अंग बऱ्याचदा इंग्रजी कॅपिटलपेक्षा लहान दिसतं. त्यामुळे आकड्यावर न जाता अक्षराची उंची प्रत्यक्ष मोजावी आणि दोन ओळींत उकार-वेलांटी भिडणार नाहीत एवढं अंतर ठेवावं. फोन नंबर, वेळा, मालाची यादी असा बारीक मजकूर जाड-अरुंद अक्षरात घालू नये. तो वाचलाच जात नाही.

पाटी छापायला टाकण्याआधी नमुना कागदावर काढून रस्त्याच्या पलीकडून एकदा वाचून बघावा. 'भ'ची फट तिथून दिसली, तर जाडी बरोबर आहे.