बाई थांबायच्या ते विमान

भूगोलाच्या बाई अर्ध्या वाक्यात थांबायच्या, आठवतं? लोहगावला उतरणारं विमान डोक्यावरून जाईपर्यंत सगळा वर्ग गप्प. पुढे मी त्या विमानांबद्दल मिळेल ते वाचत गेलो. त्यातल्या दोन दिवसांची नोंद या अंकात असावी, असं वाटलं.

सुखोई-३० एमकेआय विमानं २७ सप्टेंबर २००२ रोजी लोहगावलाच हवाई दलात दाखल झाली. १३ डिसेंबर २०११ रोजी त्यातलं एक वाडे बोल्हाईजवळ कोसळलं. या विमानात वैमानिकाच्या हातातल्या दांड्याची हालचाल विजेच्या संदेशांनी संगणकामार्फत पंखांपर्यंत पोचते. त्या यंत्रणेतच बिघाड झाला. दोघेही वैमानिक छत्रीने सुखरूप उतरले.

दुसरा दिवस १४ ऑक्टोबर २०१४. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं. सरावाहून परतलेलं विमान लोहगावला उतरायच्या बेतात असताना थेऊरजवळच्या शेतात पडलं. वैमानिक वाचले, जमिनीवरही कुणी दगावलं नाही. दोन्ही आसनं कुणी हात न लावता आपोआप बाहेर फेकली गेली, असं हवाई दलाकडून सांगण्यात आलं.

त्या संध्याकाळी माझ्याही तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच, "पायलटचं काय चुकलं?" आज त्याची लाज वाटते. खाली वस्ती, समोर धावपट्टी, विमान पूर्ण ताब्यात, आणि अचानक आपण विमानाबाहेर! बिनमाणसाचं विमान कुठे पडेल, हे मग कुणाच्याच हातात नसतं.

आसन हा वैमानिकाचा शेवटचा आधार. त्याच्या बुडाशी रॉकेट असतं. ते नको तेव्हा पेटत असेल, तर हवं तेव्हा पेटेल याचा भरवसा काय? म्हणून एका विमानासाठी सुमारे २०० सुखोई, म्हणजे लढाऊ विमानांचा जवळजवळ तिसरा हिस्सा, काही आठवडे जमिनीवर ठेवून आसनं तपासली गेली. देशाच्या संरक्षणात तेवढी फट सोसली, पण तपासल्याशिवाय कुणाला वर पाठवलं नाही. मला यातला हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो.

मेळाव्यात कुणाचं भाषण चालू असताना विमान आलंच, तर बाई, तुम्ही पूर्वीसारखंच सगळ्यांना थांबवा. ते नीट उतरेपर्यंत आम्ही गप्प बसू.