झिंगा मोजणारा मोबाईल आणि आपले मामा तलाव

राजेहो, सध्या एक व्हिडिओ फिरतोय. ट्रेमध्ये झिंगे, वर मोबाईल धरला की किती नग, लांबी किती, अंदाजे वजन किती, सगळं स्क्रीनवर. "हे आपल्याकडं कधी?" असं काहींनी विचारलं. म्हणून थोडा मागचा इतिहास.

1994-95 मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तळीच्या तळी बसली. कवचावर ठिपके दिसले की आठवडा-दहा दिवसांत तळं साफ! तिथून माल रोज तपासायची सवय लागली. 2009 मध्ये परदेशी व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली, दाट पाळणं सुरू झालं. आधी जाळं फेकून मूठभर कोळंबी तोलायची आणि सरासरी काढायची. आता कॅमेरा तेच पटापट करतो. आतडं भरलंय का, रंग बदललाय का, हेही बघतो. पण विषाणू फोटोत दिसत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

आता आपलं बघू. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. आज ढिवर बांधवांच्या सोसायट्या ते लीजवर घेतात. पाणी गढूळ, तळाशी गाळ. पाण्यात कॅमेरा सोडून काही दिसायचं नाही, झिंगा बाहेर काढूनच फोटो घ्यावा लागेल.

शिवाय आपला झिंगा गोड्या पाण्यातला. एकाच दिवशी सोडलेल्या नरांत एक निळ्या लांब नांग्यांचा दांडगा होतो, दुसरा बोटाएवढाच राहतो. इथं सरासरी साफ फसवते. दांडगे आधी काढले तर मागचे भराभर वाढतात, म्हणून एकेक नग मोजणं कामाचं.

अन् खरी गोम बीजात आहे. या झिंग्याची पिल्लं सुरुवातीला खारवट पाण्यातच जगतात. लिंग नावाच्या शास्त्रज्ञानं हे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शोधलं. म्हणजे आपल्याला बीज बहुतेक बाहेरून आणणं आलं. पिशवीत हजार सांगितले तर हजार मानायचे, पैसे मोजायचे. सोडल्यावर किती जगले हे थेट जाळं ओढताना कळतं, तोवर लीजची रक्कम भरून झालेली असते.

म्हणून माझं मत, मोबाईल आधी तलावाच्या पाळीवर, बीजाची पिशवी उघडताना वापरा. आपल्या नागपुरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, मत्स्य महाविद्यालय आहे. किनाऱ्यावरच्या व्हेनामीचे फोटो शिकलेलं ॲप आपल्याकडं चालेलच असं नाही. विद्यापीठानं मामा तलावातल्या झिंग्याचे फोटो ढिवर सोसायट्यांसोबत जमवावेत, आणि ते ॲप सोसायट्यांना फुकट मिळावं.