दुर्मीळ हृद्रोग आणि पाहणाऱ्यांची दृष्टी

एखादा रोग फार थोड्यांस होतो, की फार थोड्यांत तो शोधला जातो, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळदा विचारावयाचाच राहून गेला आहे. आम्हा नंदुरबारकरांस याचे एक उदाहरण घरचेच आहे. १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींच्या रक्तात लेहमान व कटबुश यांस विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्या. तोवर हा विकार आफ्रिकी वंशाच्या लोकांचा, अशीच सर्वसाधारण समजूत होती. पुढे सातपुड्यातील भिल्ल व पावरा जमातींतही तो सापडला. आज 'सिकलसेल' हा शब्द धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतही परका राहिलेला नाही.

हृदयाच्या स्नायूच्या एका विकाराची कथा याहून फारशी निराळी नाही. १९५८ साली लंडनचे शवचिकित्सक डोनाल्ड टीअर यांनी अकस्मात मृत्यू पावलेल्या काही तरुणांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन कप्प्यांमधील पडदा एके ठिकाणी विलक्षण जाड झालेला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू अस्ताव्यस्त विखुरलेले. निरोगी हृदयात हे तंतू शिस्तीने लागलेले असतात व ठोक्याची विद्युल्लहर त्यांतून सरळ वाहते. येथे मात्र ती अडखळते, वणानी भरलेल्या जागी वळसे घेते, आणि एखादे वेळी खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. मग मेंदूस रक्त पोहोचत नाही व काही क्षणांतच शुद्ध हरपते. वरच्या कप्प्यांची लय बिघडली तर मरण इतके तातडीने येत नाही. पण तेथे साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो.

हा रोग कुळात उतरतो, हे क्वेबेकमधील एका मोठ्या कुटुंबाच्या १९६१ सालच्या वृत्तान्ताने ठसविले, आणि १९९० साली त्याच कुटुंबात सदोष जनुक हाती लागला. तरीही रोग दुर्मीळच समजला जाई. १९९५ साली अमेरिकेत ४,१११ तरुण स्त्रीपुरुषांची हृदये ध्वनिलहरींनी तपासण्यात आली, तेव्हा सातांत तो निघाला. म्हणजे सुमारे पाचशेंत एक! त्या सातांपैकी बहुतेकांस आपल्या विकाराची गंधवार्ताही नव्हती.

आपल्याकडील प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. भारतीयांपैकी शेकडा सुमारे चारांच्या एका जनुकात पंचवीस अक्षरांची गाळणूक असून तीच हृद्स्नायूच्या विकारास कारण होते, असे २००९ साली प्रसिद्ध झाले व त्याचा बराच गवगवा झाला. पुढे, २०१८ व २०२० सालच्या संशोधनांनी, खरा दोष त्या गाळणुकीसोबत काहींमध्येच येणाऱ्या दुसऱ्या बदलांकडे असावा, असे दाखविले. कोट्यवधी निरपराध माणसांस आजारी ठरवू पाहणाऱ्या निष्कर्षाची अशी दुरुस्ती व्हावी, ही आम्हांस विज्ञानाच्या थोरवीचीच खूण वाटते. मात्र दुरुस्तीला गवगव्याचे भाग्य लाभत नाही!

उपचारांची वाट मध्यंतरी पुष्कळ सरली आहे. हृदयगती आवरणारी औषधे आहेत, गुठळी रोखणारी आहेत. आणि १९८० साली बाल्टिमोर येथे मिरोव्स्की यांच्या प्रयत्नाने शरीरात बसविता येणारे यंत्र प्रथम वापरले गेले, जे लय बिघडताच आपण होऊन विजेचा झटका देते. त्याची किंमत लाखांत जाते, हे खरे. परंतु रोगाचा माग लागण्यास लाखांची गरज नाही. विद्युत्‌आलेखाचे काम काही मिनिटांचे असते, आणि या रोगाच्या बहुतेकांचा आलेख बिघडलेलाच निघतो. नंदुरबारला जिल्ह्याचा दर्जा १९९८ साली मिळाला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० साली आले. आलेख काढण्याची सोय आता फार लांब राहिलेली नाही. पण शेतात नांगर धरता धरता कोसळलेल्या पोराला 'बाहेरची बाधा झाली' म्हणून घरचे रडून मोकळे होतात, आणि त्याच्या धाकट्या भावास कोणीही दवाखान्यात नेत नाही. त्या घरी जाणाऱ्या वैद्याने सांत्वनानंतर एवढेच विचारावे, की 'दादा, तुमच्या घरात याआधी कोणी असे तरुणपणी अचानक गेले होते काय?'