साथीत घरी धाडलेला विद्यार्थी

मंडळाच्या व्याख्यानमालेत डॉक्टरने बोलायचे म्हणजे मधुमेह, गुडघेदुखी किंवा पथ्यपाणी, असा आपल्याकडे रिवाज आहे. यंदा चिटणीसांनी "विषय तुमचा तुम्हीच ठरवा" असे सांगितले आणि मी त्यांच्या सौजन्याचा थोडा गैरफायदा घेतला. साथ आली की विद्यापीठे आणि महाविद्यालये बंद होतात, हे आपण सर्वांनी नुकतेच पाहिले. पण विद्यार्थ्याचे त्या इमारतीशी असलेले नाते वर्गापुरते नसते. खाणावळीतले ताट, वसतिगृहातली खाट, ग्रंथालयातला उजेड, फीची सवलत, महाविद्यालयाचा दवाखाना, मनातले बोलावे असे एखादे सर किंवा मॅडम, हे सगळे त्याच फाटकाच्या आत असते. फाटकाला कुलूप लागले की त्याचे पुढे काय होते, एवढाच आजचा प्रश्न आहे. इतिहास हा माझ्या पदवीचा विषय नाही, पण या प्रश्नाने मला जुनी पुस्तके चाळायला लावली. का लावली, ते शेवटी सांगेन.

सुरुवात जरा लांबून करतो. २०२० च्या उन्हाळ्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर एक निरोप फिरत होता. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद पडले, तरुण न्यूटन घरी गेला आणि घरी बसून त्याने गुरुत्वाकर्षणाचा विचार केला. तेव्हा मुलांनो, तुम्हीही वेळ वाया घालवू नका! आम्हा वडीलधाऱ्यांनी तो निरोप घरातल्या पोरांना मोठ्या हौसेने पाठवला. मीही पाठवला. न्यूटनच्या आईची वूल्सथॉर्पला शेतीवाडी होती, राहायला घर होते, खायला होते, हे आमच्यापैकी कोणीच लिहिले नाही.

या गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. न्यूटन ट्रिनिटी कॉलेजात १६६१ मध्ये दाखल झाला तो 'सायझर' म्हणून, म्हणजे श्रीमंतांची कामे करून शिकणारा. आपल्याकडे वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याची आठवण व्हावी अशीच ती स्थिती. १६६४ मध्ये तो 'स्कॉलर' झाला, तेव्हा कॉलेजच्या भोजनखर्चातला वाटा त्याला मिळू लागला. या वाट्याला 'कॉमन्स' म्हणत. ऑगस्ट १६६५ मध्ये साथीमुळे कॉलेजने सर्वांना गावी जायला सांगितले, आणि त्याबरोबर एक साधा ठराव केला. भोजनगृह बंद असले तरी गावी जाणाऱ्यांना त्या काळाचा भोजनखर्च द्यायचा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका कॉलेजच्या हिशेबनीसाला हे कळले होते की भोजनगृहाला टाळे लागले म्हणून मुलाची भूक थांबत नाही. ताट उचलून नेता येत नाही. ताटाची किंमत मात्र नेता येते.

आता गंमत पाहा. त्या पहिल्या वाटपात न्यूटनला काही मिळाले नाही! तो इतरांच्या आधीच घरी निघून गेला होता. ठराव झाला तेव्हा जे हजर होते, त्यांनाच पैसे मिळाले. पुढच्या वर्षी पुन्हा कॉलेज बंद झाले तेव्हा मात्र त्याला त्याचा वाटा मिळाला. न्यूटनचे यामुळे काही अडले नसेल. पण सवलत अस्तित्वात असणे आणि ती त्या माणसापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कॉलेजच्या हिशेबवहीत तेव्हाच लिहिले गेले.

आपल्या मुलखात येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघड झाला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. प्रवाशांची तपासणी, संशयितांना वेगळे ठेवणे, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, अंमलदाराला संरक्षण. हुकमाने घराबाहेर काढलेल्या माणसाने कुठे जावे, काय खावे, याबद्दल त्यात एक ओळ नाही. पुण्यात त्या कायद्याची अंमलबजावणी कशी झाली आणि जून १८९७ मध्ये रँडसाहेबाचे काय झाले, ते आपण शाळेत शिकलो आहोत. मार्च २०२० मध्ये राज्याराज्यांनी टाळेबंदीच्या आधी जे हुकूम काढले ते याच कायद्याखाली, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आली.

त्याच प्लेगच्या वर्षांत पुण्यात एक वेगळा प्रकार घडला. अण्णासाहेब कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली होती आणि विधवा मुलींना शिकवण्याचे काम शहरात एका घरात चालू होते. पुण्यात प्लेग पुन्हा बळावला. अशा वेळी संस्थाचालकापुढे सोपी वाट असते. मुलींना आपापल्या घरी पाठवा, साथ ओसरली की पुन्हा बोलवा. पण या मुली सासर-माहेर दोन्हीकडे नकोशा झालेल्या. त्यांना घरी पाठवणे म्हणजे शिक्षण संपवणेच होते. कर्व्यांनी मुली हलवल्या नाहीत, आश्रमच हलवला. रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जागेवर १९०० साली एक झोपडी उभी राहिली. मुली तिथे राहू लागल्या. अण्णा कॉलेजातले तास संपवून रोज चार मैलांच्या आसपासची वाट तुडवत हिंगण्याला जात आणि सकाळी पुन्हा कॉलेजात हजर होत. पावसाळ्यात त्या वाटेवर काय चिखल असेल, याची कल्पना आपल्याकडच्या काळ्या रानातून चालणाऱ्यांना सहज येईल.

हिंगण्याची झोपडी आपण स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात वाचतो आणि तिचे तिथले स्थान योग्यच आहे. मी तिच्याकडे डॉक्टर म्हणून पाहतो तेव्हा मला दिसते की साथीच्या काळात विद्यार्थ्यांचे काय करावे, या प्रश्नाला आपल्या भाषेच्या मुलखात मिळालेले हे एक नेमके उत्तर होते. मोकळी हवा, गावापासून अंतर आणि आधार न तुटणे, तिन्ही एका वेळी.

त्याच सुमारास आपल्या शेजारी कोल्हापुरात वसतिगृहांची चळवळ उभी राहत होती. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, पाठोपाठ जैन, मुस्लिम अशी समाजासमाजांची बोर्डिंगे निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आले. हा सगळा काळ प्लेगच्या येरझारांचा काळ होता, हे आपण विसरतो. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी छप्पर आणि भाकरी हवी, हे महाराजांनी ओळखले होते. फी माफ केली तरी राहायला जागा नसेल तर ती माफी कागदावरच राहते. (आमच्या समाजाला एक आठवण मात्र मनात ठेवावी लागते. कुंभोजचा एक मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातून बाहेर काढला गेला होता. पुढे त्यानेच सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवणारी वसतिगृहे काढली. त्यांना आपण कर्मवीर भाऊराव म्हणतो. फाटक आतून बंद झाल्यावर कसे वाटते, हे त्यांना ठाऊक होते.)

१९१८ च्या इन्फ्लुएंझाबद्दल थोडेच सांगतो. तेव्हा सुरतेत पाटीदार आणि अनाविल समाजाच्या वसतिगृहांतले विद्यार्थी घरोघर औषध पोहोचवत फिरले. वडोदऱ्याच्या आपल्या मंडळींना ती नावे परिचयाची असतील. तिथे वसतिगृह साथीत रिकामे झाले नाही, कामाला लागले.

आता २०२०. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आपल्याकडची महाविद्यालये त्याच्या दहाएक दिवस आधीच बंद झाली होती. राजस्थानात कोट्याला शिकायला गेलेली मुले तिथेच अडकली. महाराष्ट्रातल्या मुलांना आणायला धुळ्याहून एसटीच्या गाड्या गेल्या. कोल्हापूर-पुण्याला शिकणारी आपल्या सीमाभागातली मुले कोगनोळी नाक्यावर पास दाखवत, पाठीवर पिशव्या घेऊन उतरली. ग्रंथालयाची पुस्तके एका राज्यात, मुले दुसऱ्या राज्यात. परीक्षा होणार की नाही, यावर जुलैत विद्यापीठ अनुदान आयोगाचा आदेश आला, ऑगस्टच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. वर्तमानपत्रांनी ती बाजू भरपूर छापली, मी ती सोडून देतो.

मदतीचे काय झाले? सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आयोगाने एप्रिलमध्येच विद्यापीठांना मानसिक आधारासाठी हेल्पलाइन सुरू करायला सांगितले. २१ जुलै २०२० ला केंद्र सरकारने 'मनोदर्पण' हा उपक्रम आणि त्याची देशभराची मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली. म्हणजे आधार इमारतीतून निघून तारेवर आला. पण तारेच्या दुसऱ्या टोकाला काय होते? टाळेबंदीच्या आधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेट उपलब्ध असलेली घरे सुमारे २४ टक्के होती, खेड्यांत १५ टक्के. खेड्यांतल्या ज्या घरांत संगणक होता ती साडेचार टक्केही नव्हती. घरात मोबाइल असला तरी तो बहुधा एकच, आणि तो वडिलांच्या खिशात. ज्या मुलीला घरातल्याच माणसाबद्दल बोलायचे आहे, तिने त्या मोबाइलवरून कोणाशी काय बोलावे?

आता माझी हकीकत सांगतो. मी गेली बरीच वर्षे एका बोर्डिंगच्या समितीवर आहे. मार्च २०२० मध्ये समितीने एका दिवसात मुलांना घरी जायला सांगितले. ठरावावर माझी सही आहे. तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. एका खोलीत सहा मुले आणि चाळीस जणांना चार मोऱ्या, अशी जागा साथीत चालू ठेवणे धोक्याचे होते. मुले गेली. आम्ही कुलूप लावले. त्यानंतर मी आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या आर्सेनिकम अल्बमच्या बाटल्या गल्लोगल्ली वाटत होतो. त्याने लोकांना धीर आला, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

अथणी तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे होता. त्याला लहानपणापासून फिट्स येत. तो शिकत होता त्या महाविद्यालयाच्या दवाखान्यातून दर महिन्याला त्याला गोळ्या मिळत, विद्यार्थी म्हणून फुकट. घरी गेला तेव्हा त्याच्याजवळ बावीस दिवसांच्या गोळ्या होत्या. गावच्या दुकानात त्या नव्हत्या, तालुक्याला जायला गाडी नव्हती. त्याने महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन केला; तो कुलूपबंद खोलीत वाजत राहिला. मग बोर्डिंगला केला. तोही तसाच वाजला. त्याने स्वतःच्या बुद्धीने गोळी दिवसाआड घ्यायला सुरुवात केली, म्हणजे पुरेल. या औषधात तसे केले तर काय होते, ते कोणताही डॉक्टर सांगेल. माझ्या औषधांच्या पेटीत त्या गोळीला पर्याय नव्हता आणि नाही, हेही सांगून टाकतो. जूनमध्ये उसाला पाणी पाजताना त्याला फिट आली आणि तो पाटात पडला. भाऊ जवळ होता म्हणून निभावले.

मला हे कळले ऑक्टोबरात, तेही त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलाकडून. त्या मुलाचा आजार मला ठाऊक होता. त्याचा नंबर माझ्या वहीत होता. महाविद्यालयाची यंत्रणा, तालुक्याचा दवाखाना, सरकार यांना मी नंतर बरेच बोल लावले. माझा फोन तेवढा माझ्या हातात होता, आणि तो सहा महिने मी त्याच्यासाठी उचलला नव्हता.

तो मुलगा पुढे पदवीधर झाला. घरी जाऊन भेटलो तेव्हा त्याच्या आईने रागाचा एक शब्द काढला नाही, ताक दिले. मला ते घोटवेना.

बोर्डिंग पुन्हा सुरू झाल्यावर प्रवेशाच्या रजिस्टरात आम्ही तीन रकाने वाढवले. कोणते औषध रोज चालू आहे. घरचा सोडून शेजाऱ्याचा एक नंबर. आणि गावी गेल्यास दर आठवड्याला फोन करायचा समिती सदस्य कोण. औषध पोस्टाने पाठवायची वेळ आली तर खर्च बोर्डिंगने करायचा, असाही ठराव केला. खजिनदारांनी विचारले, हा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा? भोजनात बसत नाही, दुरुस्तीत बसत नाही. बराच वेळ चर्चा झाली. मी ट्रिनिटी कॉलेजची गोष्ट सांगितली, ती कोणाला फारशी पटली नाही. सध्या तो 'किरकोळ'मध्ये आहे.