धनराज पिल्ले : पदकांपलीकडचा कर्णधार

भारतीय हॉकी संघाचे माजी कर्णधार धनराज पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळील खडकी येथे झाला. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिक्सनी त्यांनी खेळाचे धडे गिरविले. १९८९ ते २००४ या काळात ते चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळले.

ऑलिम्पिक पदकाने मात्र त्यांना हुलकावणी दिली. चारही वेळा संघ सातव्या वा आठव्या स्थानावर राहिला. तरीही चाहत्यांच्या मनातील त्यांचे स्थान अढळ आहे. मानेवर रुळणारे केस, चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीत मुसंडी मारणारी धाव आणि पराभवानंतर न लपणारी वेदना यांमुळे क्रिकेटवेड्या पिढीलाही हॉकीचा एक नायक लाभला.

त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ मध्ये बँकॉक येथे आशियाई सुवर्णपदक जिंकले. ते तब्बल ३२ वर्षांनी मिळाले होते. त्यानंतर लगेचच त्यांच्यासह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवण्यात आले. खेळाडूंच्या मानधनाबद्दल उघडपणे बोलल्याची ही शिक्षा असल्याची चाहत्यांची भावना झाली. २००३ मध्ये आशिया चषक जिंकून देणाऱ्या या कर्णधाराला २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधील अखेरच्या सामन्यात फारच थोडा वेळ मैदानात उतरविण्यात आले. ती सल चाहत्यांच्या मनात राहिली आणि कौतुकाला आपलेपणाची जोड मिळाली.