मिशन कुणाच्या दारात आले?

आमच्या गावच्या महारवाड्याच्या एका टोकाला बुद्धविहार आहे आणि दुसऱ्या टोकाला कौलारू ख्रिस्ती देऊळ. मधल्या बोळात आमचे घर. माझ्या आजोबांनी छप्पन साली बुद्धाला शरण जाऊन घरातले देव नदीत सोडले. त्यांच्या चुलत घराण्यातले लोक त्याच्या दोन पिढ्या आधीच ख्रिस्ती झालेले. आडनाव एक, हाडोळ्याच्या जमिनीचा बांध एक, आणि गावाने दोघांना पाजलेले पाणीही एकच, म्हणजे वरून ओतलेले.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्या ख्रिस्ती घरातला माझा चुलतभाऊ माझ्याहून हुशार होता. दोघे एकाच वर्षी बारावी झालो. मला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळाली. त्याच्या दाखल्यावर 'इतर मागासवर्ग' असे लिहिलेले होते. फी भरता आली नाही म्हणून तो कारखान्यात लागला. मी आज महाविद्यालयात इतिहास शिकवतो. हा लेख लिहिताना तो माझ्या डोळ्यांसमोर आहे, हे आधीच सांगून टाकतो. इतिहास तटस्थपणे लिहावा असे आम्हाला शिकवले गेले. पण ज्याच्या घरातून तो गेला त्याने तटस्थ कसे राहावे हे कुणी शिकवले नाही.

दोन वर्षांपूर्वी वर्गात मी सांगत होतो की १८१३ साली अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, आले म्हणजे कुणाकडे आले?" मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. प्रश्न मात्र राहून गेला. परक्या देशात मिशन काढणाऱ्यांना कोणत्या अडचणी आल्या, हे मिशनच्या इतिहासात तपशिलाने आलेले आहे. समुद्र, सरकार, रोगराई, भाषा. या चारही अडचणी खऱ्या होत्या. पण या देशातली सर्वांत मोठी अडचण पाचवी होती, आणि तिची किंमत मिशनऱ्यांपेक्षा आमच्या लोकांनी जास्त मोजली, असे माझे मत आहे.

आधी त्यांच्या अडचणी पाहू. 'अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरेन मिशन्स' ही संस्था १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये निघाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे जडसन, न्यूवेल, नॉट, हॉल आणि राइस या पाच तरुणांना दीक्षा मिळाली, आणि त्याच महिन्यात ते दोन जहाजांनी कलकत्त्याकडे निघाले. ते वाटेवर असतानाच, जूनमध्ये, अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले. म्हणजे कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरलेली ही माणसे इंग्रजांच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राची झाली.

ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. १८०६ साली वेल्लोरला शिपायांनी बंड केले, त्याचे खापर अनेक अधिकाऱ्यांनी मिशनऱ्यांच्या प्रचारावर फोडले होते. कंपनीला व्यापार आणि महसूल हवा होता. त्यासाठी येथील उच्चवर्णीयांची मर्जी हवी होती. इंग्रज राज्य आले आणि त्याच्या पाठीवर बसून मिशन आले, असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते. निदान या मिशनच्या बाबतीत ते खरे नाही. कंपनीने या पाचही जणांना देश सोडून जाण्याचे हुकूम दिले.

मग पांगापांग झाली. जडसन आणि राइस बाप्टिस्ट झाले. जडसन १८१३ च्या जुलैत रंगूनला पोहोचला. न्यूवेल बायकोला घेऊन मॉरिशसकडे निघाला. वाटेत जहाजावर मूल जन्मले आणि गेले. नोव्हेंबरच्या अखेरीस हॅरिएट न्यूवेलही मॉरिशसमध्ये वारली. तिचे वय एकोणीस होते. हॉल आणि नॉट कलकत्त्याहून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. त्यांना धरून इंग्लंडला पाठवा, असा हुकूम मागोमाग आलाच. ते एका किनारी गलबतातून कोचीनला पळाले, तेथून त्यांना परत आणले गेले. मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपिअन धर्मश्रद्ध होता. या दोघांनी त्याच्याकडे अर्जामागून अर्ज केले. त्याच वर्षी विलायतेत कंपनीची सनद नवी झाली आणि मिशनऱ्यांना कायद्याने वाट मिळाली. अखेर त्यांना राहू देण्यात आले.

राहता आले तरी जगता आले असे नाही. नॉट आजारपणामुळे १८१५ साली परत गेला. न्यूवेल पुढे मुंबईत आला आणि १८२१ साली पटकीने मेला. गॉर्डन हॉल मराठी शिकला, देवळांपुढे आणि रस्त्यांवर उभा राहून बोलला, बायबलाच्या भाषांतराला बसला. बायको-मुलांना त्याने अमेरिकेला पाठवले. त्यातला एक मुलगा जहाजावरच दगावला. स्वतः हॉल २० मार्च १८२६ रोजी नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. त्याच वर्षी मराठी नवा करार पूर्ण छापून निघाला.

छापखान्याचे ऋण मराठी माणसाने मान्य केले पाहिजे. १८१७ पासून मिशनच्या छापखान्यात मराठी पुस्तके निघू लागली. गणपत कृष्णाजी आणि पुढे निर्णयसागरचे जावजी दादाजी हे दोघेही याच छापखान्यात धंदा शिकले. गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले. निर्णयसागरने संस्कृत ग्रंथ छापून नाव मिळवले. ज्या विद्येपासून आम्हाला दूर ठेवले तिच्या पोथ्या छापण्याचे कसब मिशनच्या खिळ्यांवर शिकले गेले. इतिहास असा वाकड्या वाटेने चालतो.

आता पाचवी अडचण. या मिशनऱ्यांना वाटत होते, ब्राह्मण पटला की बाकीचा समाज आपोआप मागे येईल. हिंदू समाज शिरापासून पायाकडे चालतो, हे त्यांनी पाहिले ते बरोबरच होते. पण शिर हलले तर पाय हलतील, हा त्यांचा हिशेब चुकला. शाळांत पंतोजी बहुधा ब्राह्मण नेमले. महाराचे पोर वर्गात आले की बाकीची पोरे उठून जातील, ही धास्ती होती. पहिल्या अठरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच होती. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरावर जे लिहिले, ते त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीयांपासून सुरुवात करण्याची ही चूक त्यात त्यांनी नेमकी दाखवली आहे.

डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्ज, रीड आणि हर्वी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचा ब्राह्मण ख्रिस्ती होता. हर्वी काही महिन्यांतच पटकीने गेला, आणि १८३३ साली बाबाजीही गेला. हॉलिस रीडने बाबाजीचे चरित्र लिहिले. ते अमेरिकेत छापले गेले. १८३९ साली हरिपंत खिस्ती यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते आणि रामकृष्णपंत मोडक नगरच्या मंडळ्यांचे पाळक झाले. या माणसांनी मोठा त्याग केला. घरदार, नातीगोती, श्राद्धपक्षाचा मान, सगळे सोडले. मी त्यांना उणे लेखत नाही. पण त्यांची नावे मला ग्रंथांतून मिळतात, हेही लक्षात घ्या.

आणि मग १८४० नंतर जे झाले ते मिशनच्या आराखड्यात नव्हते. नगरच्या उत्तरेकडच्या खेड्यांतून, प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यातून, महार चालत येऊ लागले. त्यांत कबीरपंथी गुरू होते, भजने म्हणणारे, देव एक आहे आणि माणूस एक आहे हे आधीपासून सांगणारे. मिशनऱ्यांनी त्यांना शोधले नाही. त्यांनी मिशनऱ्यांना शोधले. रोट्या आणि कपड्यांसाठी बाटले, असे गाव म्हणत आले. पुढच्या काळात, विशेषतः १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, भुकेने आलेले लोक होते. भुकेला धर्म विचारणाऱ्याने आधी स्वतःचे पोट तपासावे. पण हे पहिले लोक प्रश्न घेऊन आले होते. त्यांना मिळाले काय? गावकीने बलुते बंद केले. जोहार घातला नाही, मेलेले ढोर ओढले नाही, की मार. सुधारणेचा सिद्धांत मांडणे सोपे असते. वेशीबाहेर राहून सुगीत रिकाम्या सुपाने परतणे वेगळे असते. मिशन मराठी मुलखात खऱ्या अर्थाने रुजले ते या माणसांच्या अंगणात. आणि त्यांतल्या बहुतेकांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत.

मंडळीच्या आत काय झाले? प्रभुभोजनाच्या वेळी एकाच पेल्याला ब्राह्मणाचे आणि महाराचे ओठ लागायचे. या बाबतीत अमेरिकन मिशन कडक होते, आणि ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश मिळेना आणि सरकारनेही त्याला पाठबळ दिले नाही, हे आठवा म्हणजे फरक कळेल. पण पेला एक झाला म्हणून घर एक झाले असे नाही. सोवळे सुटायला मनाला किती वेळ लागला, हे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये फार प्रामाणिकपणे सांगितले आहे. मराठीतले ते अस्सल पुस्तक आहे. माझी खंत एवढीच की त्याच मंडळीत मागच्या चटईवर बसलेल्या महारणीची स्मृतिचित्रे आपल्याजवळ नाहीत.

शिक्षणाचेही असेच. सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईत आली, १८३९ साली नगरला गेली आणि १८६२ साली तिथेच मेली. पस्तीस वर्षे तिने मुलींना शिकवले. जोतीराव फुल्यांनी तिच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांगाची चौदा वर्षांची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ साली मिशनच्या 'ज्ञानोदय'ने छापला. मिशनची शाळा, फुल्यांची जिद्द आणि मांगवाड्यातली पोर, या तिघांच्या मिळण्यातून तो आवाज उठला.

पण त्याच सुमारास, १८५४-५५ साली, बोर्डाचा चिटणीस रूफस अँडरसन पाहणीला आला. मिशनचे काम इंग्रजी शाळा चालवणे नव्हे, देशी भाषेत देशी पाळक तयार करणे हे आहे, असे त्याचे धोरण होते. परकी मंडळी देशी माणसांच्या हाती जावी, हा त्यातला विचार चांगलाच होता. परिणाम मात्र आमच्यावर वेगळा झाला. इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली. ब्राह्मणाच्या मुलाला सरकारी शाळा मोकळी होती. तो तिकडून कचेरीत गेला. महाराच्या मुलाला मिशनशिवाय दार नव्हते, आणि तिथे त्याला खेड्यातला मास्तर होण्यापुरते शिकवले गेले. धोरण बोस्टनला ठरले. त्याची किंमत कुठे चुकवली जाईल हे बोस्टनला ठाऊक नव्हते.

म्हणून मिशनचे गोडवे गाणारे आणि मिशनला शिव्या देणारे, दोघांचेही मला पटत नाही. दोघेही असे बोलतात की जणू सगळे करणारे गोरे होते आणि आमचे लोक केवळ कुणीतरी उचललेली किंवा पळवलेली वस्तू होते. नगरच्या महारांनी धर्मांतर केले. निर्णय त्यांचा होता. तो पुरेसा होता का, हा प्रश्न आपण विचारू शकतो. धर्मांतरित ख्रिस्ती समाजात जात टिकली आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज संघटित उभा राहिला नाही, अशी कठोर टीका बाबासाहेबांनी केली आहे. ती मान्य करूनही मी म्हणतो की आमच्या मुलखात छप्पनच्या आधी शंभर वर्षे वेशीबाहेरची माणसे धर्म बदलण्याचा विचार करीत होती, आणि ती वाट आपल्या चळवळीच्या इतिहासात नोंदली गेली पाहिजे.

शेवटी पुन्हा चुलतभावाकडे येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे ठरले. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेर राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. आमच्यातलेही काही जण म्हणतात, वाटेकरी कशाला वाढवायचे? त्यांना मी एवढेच विचारतो, बांध कुणी घातला?

मागच्या मे महिन्यात चुलतभावाने मला त्या कौलारू देवळातली बाप्तिस्म्याची जुनी वही दाखवली. वाळवीने कडा खाल्लेल्या. पहिल्या पानांवर नाव, बापाचे नाव, गाव, आणि त्यापुढे प्रत्येक ओळीत एकच शब्द: महार. मिशनने लिहिले महार, गावाने म्हटले महार, पाणवठ्यावर महार. फक्त सरकारी दाखल्यावर तो महार उरला नाही. मी आणि तो मिळून आता ती वही नकलून काढतो आहोत. सहा पाने झाली आहेत. नगर, राहुरी, नेवासे, श्रीरामपूर या भागातल्या ज्या विद्यार्थ्यांच्या गावात अशी वही असेल त्यांनी ती आधी नकलून घ्यावी. मिशन कुणाच्या दारात आले, या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्या ओळींत आहे, आणि ती नावे आता आपणच वाचायची आहेत.