एक नाव, पाच गळे : ब्लॅक सॅबथच्या गायकांचा इतिहास

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन या कामगारवस्तीत १९६८ साली एकत्र आलेल्या चार तरुणांच्या बँडने, पुढे जो ‘ब्लॅक सॅबथ’ या नावाने ओळखला गेला, १९७० ते २०१३ या काळात १९ स्टुडिओ अल्बम काढले आणि त्यांवर पाच निरनिराळ्या मुख्य गायकांचे आवाज आहेत. ऑझी ऑस्बर्न याचे नऊ, टोनी मार्टिनचे पाच, रॉनी जेम्स डिओचे तीन, तर इयन गिलन आणि ग्लेन ह्यूज यांचा प्रत्येकी एक, अशी ही वाटणी आहे. बँडच्या चाहत्यांमध्ये यांपैकी श्रेष्ठ कोण हा वाद गेली चार दशके चालू असून तो बहुधा गळ्याच्या तयारीवरून घातला जातो. परंतु या पाच जणांच्या कारकिर्दी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, तर कोणाच्या वाट्याला काय आले हे गळ्यावरून फारसे ठरलेले दिसत नाही. गाण्याचे शब्द कोणी लिहिले, बँडबाहेर त्या गायकाला स्वतःचे नाव होते की नव्हते, आणि ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव प्रत्येक वेळी कोणाच्या हाती होते, या तीन गोष्टींनी त्याहून कितीतरी अधिक ठरवले.

या संगीताचा पाया गायकाने नव्हे, गिटारवादकाने घातला होता. टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचे काम नेमके याच हाताकडे होते. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे तयार केली, पातळ तारा वापरल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमपासून गिटारच्या तारा नेहमीपेक्षा तीन अर्धस्वरांनी उतरवून लावल्या, ज्यामुळे ताण कमी होऊन वाजवणे सुसह्य झाले आणि नाद अधिक जड, अधिक खर्जातला झाला. पुढे ‘हेवी मेटल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकाराचा हा मूळ नाद होय. त्याचा कणा म्हणजे ‘रिफ’, अर्थात गिटारवर पुन्हापुन्हा वाजणारी छोटी, ठसठशीत स्वरावली. सॅबथमध्ये गाणे आधी रिफच्या रूपात जन्माला येई आणि गायकाला त्यात आपली जागा शोधावी लागे. पाचही गायकांपुढचा प्रश्न एकच होता : या रिफच्या बरोबरीने जायचे, की तिच्यावरून.

ऑस्बर्नने पहिला मार्ग धरला. खाटीकखान्यात आणि मोटारींच्या भोंग्यांच्या कारखान्यात काम केलेला, घरफोडीपायी काही आठवडे तुरुंगात काढलेला हा तरुण बँडमध्ये आला तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची ध्वनिवर्धक यंत्रणा होती, आणि त्या काळी नवशिक्या बँडला गळ्याच्या गुणवत्तेइतकेच तिचेही महत्त्व वाटत असे. त्याचा आवाज उंच पट्टीतला, सपाट आणि काहीसा रडवेला होता. ‘आयर्न मॅन’ या १९७० च्या गाण्यात गायकाची चाल आणि गिटारची रिफ जवळजवळ स्वर-स्वराला एकच आहे : रिफ चढते तसा आवाज चढतो, रिफ थांबते तिथे आवाजही थांबतो, आणि आलाप, कंप वा हरकत यांना कुठे वावच राहत नाही. संगीताच्या जाणकाराला हे दारिद्र्य वाटू शकेल. मात्र या एकसुरी जोडगायनामुळेच शब्द एखाद्या शापवाणीसारखे वाटतात; तयारीच्या गळ्याने त्या जागी गायकी दाखवली असती, तर भय ओसरले असते. ते शब्दही ऑस्बर्नचे नसत. सुरुवातीच्या काळातील बहुतेक गीते बास गिटार वाजवणाऱ्या गीझर बटलरने लिहिली. युद्ध, अणुबॉम्ब, वेड आणि व्यसन हे विषय त्याचे होत. पहिला अल्बम जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला, १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीचा ‘पॅरानॉइड’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

दशकाच्या शेवटास दारू आणि अमली पदार्थांनी चौघांनाही घेरले होते. १९७७ च्या अखेरीस ऑस्बर्न बाहेर पडला, डेव्ह वॉकर या गायकाला घेऊन बँडने दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रमही केला, ऑस्बर्न परतला, आणि एप्रिल १९७९ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. व्यसन हे कारण सांगितले गेले, जे खरे होते. पण काढणारेही काही निर्व्यसनी नव्हते.

त्याच्या जागी आलेला रॉनी जेम्स डिओ हा हरप्रकारे निराळा माणूस होता. १९४२ साली जन्मलेला हा इटालियन वंशाचा अमेरिकन बाकीच्यांहून काही वर्षांनी मोठा होता, लहानपणी त्याने ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्ये शिकली होती, आणि श्वासावरील आपल्या ताब्याचे श्रेय तो त्या शिक्षणाला देत असे. रिची ब्लॅकमोरच्या ‘रेनबो’ या बँडमध्ये त्याने नाव कमावले होते. तो स्वतः शब्द लिहीत असे, आणि बटलर त्या सुमारास घरगुती अडचणींमुळे काही काळ दूर असल्याने ‘हेवन अँड हेल’ या १९८० च्या अल्बमची गीते पूर्णतः त्याचीच झाली. बटलरच्या रोखठोक काळोखाच्या जागी राजे, मूर्ख, इंद्रधनुष्ये आणि द्वंद्वे आली. शीर्षकगीत लक्षपूर्वक ऐकले तर बदल कशात आहे ते कळते : गायन सुरू होताच गिटार मागे सरते, बास आणि ढोल ठेका धरून ठेवतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत डिओ रिफशी काहीही देणेघेणे नसलेली लांब पल्ल्याची स्वतंत्र चाल बांधतो, ओळीच्या शेवटी आवाज उघडतो, कंप देतो. आयोमीला त्यामुळे रिफच्या जोडीने सुरांच्या बदलत्या आधारांचाही विचार करावा लागला, आणि त्या काळातले त्याचे काम अधिक सुरेल आहे ते याच कारणाने. गायक बदलला म्हणून गिटारवादक बदलला, याचे इतके स्वच्छ उदाहरण रॉकच्या इतिहासात विरळा.

डिओला आपली किंमत ठाऊक होती, आणि संघर्ष त्यातूनच उद्भवला. १९८१ च्या ‘मॉब रूल्स’नंतर, ‘लाइव्ह इव्हिल’ या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या मुद्रणाचे मिश्रण होत असताना आवाज मोठा ठेवायचा की वाद्ये, यावरून भांडण होऊन तो १९८२ मध्ये ढोलवादक विनी अपीस याला घेऊन निघून गेला आणि पुढल्याच वर्षी स्वतःच्या नावाच्या बँडचा ‘होली डायव्हर’ घेऊन आला. १९९२ मध्ये तो ‘डिह्यूमनायझर’साठी परतला, पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ऑस्बर्नच्या निरोपाच्या म्हणून जाहीर झालेल्या कार्यक्रमांत त्याच्याआधी वाजवायला त्याने साफ नकार दिला. ते दोन दिवस ‘जुडास प्रीस्ट’च्या रॉब हॅलफर्डने गाऊन निभावले. तर्जनी आणि करंगळी उभी करण्याची जी खूण आज मेटलची म्हणून जगभर केली जाते, ती डिओने इटालियन आजीकडून उचलून मंचावर रूढ केली. दृष्ट काढणाऱ्या म्हातारीच्या हातातून ती सैतानी संगीताकडे यावी, ही गंमत खुद्द डिओलाही कळत असणार.

इयन गिलनचा कालखंड त्यामानाने प्रहसनासारखा आहे. ‘डीप पर्पल’चा हा विख्यात गायक, ज्याने ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’च्या १९७० च्या मुद्रणात येशूची भूमिका गायली होती, ऑक्सफर्डजवळच्या एका पबमध्ये आयोमी आणि बटलर यांच्यासोबत भरपूर पिऊन झाल्यावर बँडमध्ये सामील झाला. या मंडळींना नव्या नावाने काम करायचे होते, पण व्यवस्थापक डॉन आर्डेन याने खपणारे नाव सोडू दिले नाही. १९८३ चा ‘बॉर्न अगेन’ ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. दौऱ्यासाठी स्टोनहेंजच्या पाषाणांचा देखावा करवून घेताना फुटांऐवजी मीटरचे माप गेल्याने तो बहुतेक मंचांवर मावेना. गिलनला ऑस्बर्नच्या गाण्यांचे शब्द पाठ होत नसत आणि मंचावर ठेवलेली शब्दांची भेंडोळी कृत्रिम धुराखाली दिसेनाशी होत, अशीही आठवण सांगितली जाते. १९८४ मध्ये तो डीप पर्पलमध्ये परत गेला. त्याच्या दीर्घ कारकिर्दीला या वर्षभराने ना फायदा झाला, ना धक्का लागला, कारण त्याचे घर दुसरीकडे होते.

ग्लेन ह्यूज याचे घरही दुसरीकडेच होते, पण त्याची वेळ वाईट होती. १९८६ चा ‘सेव्हन्थ स्टार’ हा मुळात आयोमीचा एकट्याचा अल्बम म्हणून बेतलेला होता; ध्वनिमुद्रण कंपनी आणि आर्डेन यांच्या आग्रहाने त्यावर टोनी आयोमीसह ब्लॅक सॅबथ अशा अर्थाचे विचित्र जोडनाव छापले गेले, आणि भावगर्भ, सोल संगीताकडे झुकणाऱ्या या गायकाला दौऱ्यात ऑस्बर्नची गाणी गावी लागली. व्यसनात बुडालेल्या ह्यूजला दौऱ्याच्या तोंडावर झालेल्या मारामारीत चेहऱ्याला इजा झाली, आवाज बसला, आणि काही कार्यक्रमांनंतर रे गिलन या तरुण अमेरिकन गायकाने त्याची जागा घेतली. ह्यूज पुढे व्यसनातून बाहेर पडला आणि उतारवयात पूर्वीपेक्षा चांगला गाऊ लागला, जे या कथेतील दुर्मीळ सुखद वळण आहे. रे गिलनने पुढच्या अल्बमचे गायन पूर्ण केले, पण अल्बम निघण्याआधीच तो सोडून गेला, आणि तयार वाद्यमुद्रणावर नव्याने गाण्यासाठी बर्मिंगहॅमच्याच टोनी मार्टिनला बोलावण्यात आले.

मार्टिनची कारकीर्द ही या इतिहासातील सर्वांत बोलकी बाजू आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे. ‘द इटर्नल आयडल’ (१९८७) मध्ये तो दुसऱ्याच्या चालींवर गायला. ‘हेडलेस क्रॉस’ (१९८९) पासून मात्र शब्द आणि चाली त्याच्या होत्या, आणि ‘टीर’ (१९९०) मध्ये त्याने नॉर्स पुराणकथांकडे मोर्चा वळवला. आवाजाचा पल्ला पाहिला तर तो डिओच्या पंक्तीत बसतो, आणि डिओची छाया हीच त्याची अडचण ठरली, कारण आधी डिओ झाला नसता तर त्याला मौलिक म्हटले गेले असते. शिवाय इयन गिलन वा ह्यूजसारखे जायला घर त्याला नव्हते. १९९१ मध्ये डिओ परत येणार म्हणून त्याला दूर केले गेले, डिओ गेल्यावर पुन्हा बोलावले गेले, ‘क्रॉस पर्पजेस’ (१९९४) आणि ‘फॉर्बिडन’ (१९९५) हे दोन अल्बम त्याच्याकडून गाऊन घेतले गेले, आणि १९९७ मध्ये मूळ चौघांच्या पुनर्मीलनाच्या वाटाघाटी जमल्यावर त्याचे काम संपले. जवळजवळ दहा वर्षे ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव चालू राहिले ते आयोमीच्या चिकाटीमुळे आणि मार्टिनच्या गळ्यामुळे. तरीही २००६ मध्ये अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तो फक्त मूळ चौघांचा, आणि डिओलाही त्यात जागा मिळाली नाही.

उलट ज्याला काढून टाकले होते, त्या ऑस्बर्नने बाहेर राहून बँडलाच मागे टाकले. डॉन आर्डेनची मुलगी शॅरन हिने त्याचे व्यवस्थापन हाती घेतले, १९८२ मध्ये दोघांचा विवाह झाला, आणि रँडी ऱ्होड्स या विलक्षण गिटारवादकाबरोबरचे पहिले दोन अल्बम गाजले. या स्वतंत्र कारकिर्दीतही शब्द बहुतांशी इतरांचे होते : आधी बॉब डेझली या बासवादकाचे, आणि १९९१ च्या ‘नो मोअर टिअर्स’मध्ये काही गीते ‘मोटरहेड’च्या लेमीची. ऑस्बर्नचे सामर्थ्य लेखनात नव्हते आणि तांत्रिक गायनातही नव्हते. दुसऱ्याने लिहिलेली व्यथा आपलीच वाटावी असा तो गळा होता, आणि तो योग्य माणसांच्या हाती सोपवण्याचे शहाणपण, स्वतःचे असो वा पत्नीचे, त्याच्यापाशी होते. वटवाघळाचे डोके चावण्यासारख्या प्रकारांनी कुप्रसिद्धी दिली, १९९६ पासून ‘ऑझफेस्ट’ हा फिरता महोत्सव आणि २००२ पासून त्याच्या कुटुंबावरील दूरचित्रवाणी मालिका यांनी मेटल न ऐकणाऱ्यांच्या घरातही त्याला नेऊन बसवले.

नावाचा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला. ‘ब्लॅक सॅबथ’ या बोधनामावर आयोमीचा एकट्याचा हक्क नाही, असा दावा ऑस्बर्नने २००९ मध्ये लावला आणि तो पुढल्या वर्षी तडजोडीने मिटला. त्याआधीच, २००६ पासून, आयोमी, बटलर आणि अपीस डिओबरोबर पुन्हा वाजवू लागले होते, पण ‘हेवन अँड हेल’ या नावाने. तीच चार माणसे १९९२ मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ होती आणि आता नव्हती. डिओ १६ मे २०१० रोजी जठराच्या कर्करोगाने वारला. २०१३ मध्ये ऑस्बर्नच्या आवाजातला ‘१३’ हा अल्बम निघाला आणि ‘पॅरानॉइड’नंतर ४३ वर्षांनी बँड ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत तर प्रथमच. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघांनी अखेरचा कार्यक्रम केला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑस्बर्नचे निधन झाले.

मार्टिनच्या काळातील अल्बम दीर्घकाळ बाजारात मिळतच नसत, आणि त्याच्याविषयीच्या अज्ञानाचे हे साधे व्यापारी कारण अभिरुचीच्या चर्चेत सहसा कोणी मोजत नाही. २०२४ मध्ये ‘अॅनो डॉमिनी’ या नावाने त्यांपैकी चार अल्बमांचा संच निघाला, त्यात ‘फॉर्बिडन’चे मिश्रण आयोमीने नव्याने करून दिले, आणि पहिला, ‘द इटर्नल आयडल’, मात्र दुसऱ्या कंपनीच्या करारातला असल्याने संचाबाहेर राहिला.